नागपुरात ऑस्कर पाळायचा असेल तर

बर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत शोभेच्या माशांच्या कुठल्याही दुकानात जा, काळ्या अंगावर पांढऱ्या-नारिंगी वेड्यावाकड्या रेघा असलेली ऑस्कर माशाची दोन इंची पिल्लं दिसतातच. काचेवर बोट फिरवलं की ती बोटामागे येतात, मान वळवल्यासारखं बघतात आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. "भाऊ, हा केवढा होते?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "टाकीएवढाच वाढते." हे साफ चूक आहे. ऑस्करचं पिल्लू वर्षभरात आठ-दहा इंचांचं होतं, पुढे बारा-चौदा इंचांपर्यंत जातं आणि नीट ठेवलं तर दहा-बारा वर्षं जगतं. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती स्वतःच्याच घाणीच्या पाण्यात राहून. अशा खुंटलेल्या माशाला निरोगी म्हणता येत नाही.

म्हणून या लेखात मासा विकत घेण्याची पायरी बरीच उशिरा येते. आधी तो राहतो कसा ते पाहू, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिथूनच सुटतात.

ॲमेझॉनमधला ऑस्कर

ऑस्करचं शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलाटस. पेरू, कोलंबिया, ब्राझील आणि फ्रेंच गयाना इथल्या नद्यांचा हा रहिवासी. सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातला. आपल्या बाजारात मिळणारा टिलापिया त्याच कुळाच्या आफ्रिकी शाखेतला, आणि कोकण-गोव्याकडचा कालुंदर हा भारतीय शाखेतला. ब्राझीलमध्ये ऑस्करला आकारा-आसू किंवा अपायारी म्हणतात आणि तो चवीने खाल्लाही जातो.

या माशाची शास्त्रातली सुरुवातच गमतीशीर आहे. जर्मन संशोधक स्पिक्स आणि मार्टियस १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरले आणि बाटल्या भरभरून नमुने घेऊन परतले. १८२६ मध्ये स्पिक्स वारला. त्याने जमवलेल्या माशांचं काम लुई आगासी या तरुण अभ्यासकाकडे आलं. १८३१ मध्ये आगासीने ऑस्करचं वर्णन केलं, पण हा समुद्रातला मासा आहे असं समजून त्याला लोबोटीस या समुद्री माशांच्या प्रजातीत टाकलं. ॲमेझॉन खोऱ्यातला हा मासा कागदावर काही काळ अटलांटिकचा रहिवासी होता.

प्रत्यक्षात तो संथ पाण्यातला आहे. मध्य ॲमेझॉनमध्ये नदीची पातळी वर्षाकाठी साधारण दहा मीटरने वर-खाली होते. पाणी चढलं की काठचं जंगल महिनोन्‌महिने पाण्याखाली जातं आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून, फांद्यांमधून फिरतात. ऑस्कर अशा ठिकाणी बुडालेल्या लाकडाच्या आडोशाला दबा धरून राहतो. लांब पल्ला पोहत शिकार पकडणारा हा मासा नाही. भक्ष्य जवळ आलं की जबडा झटक्यात पुढे काढून तोंडात पाणी ओढतो आणि त्याबरोबर भक्ष्यही. छोटे मासे, झिंगे, गोगलगायी, पाण्यातले आणि पाण्यात पडलेले किडे, मिळेल ते. बाकी सिक्लिडांसारखा त्याच्याही घशात आणखी एक जबडा असतो. गोगलगायीचं कवच तिथे फुटतं. टाकीत ऑस्करने खाद्याची गोळी तोंडात घेतली, बाहेर फेकली, पुन्हा घेतली, कल्ल्यांतून भुगा उडवला, तर तो खाणं नाकारतोय असं समजू नका. त्याचं चावणं असंच असतं.

शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा गोल ठिपका असतो, डोळ्यासारखा. त्याच्याबद्दलचं प्रचलित मत असं की पंख कुरतडणाऱ्या पिरान्हांना माशाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळू नये म्हणून तो आहे. लाल आणि अल्बिनो जातींत हा ठिपका पुसट असतो किंवा नसतोच. त्या जाती माणसाने निवडून काढलेल्या आहेत, ॲमेझॉनमध्ये सापडत नाहीत.

आता नागपूरकरांच्या कामाची गोष्ट. पूर ओसरला की जंगलातली डबकी तापतात, पाला कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. त्याही स्थितीत ऑस्कर तासन्‌तास तग धरतो. तो आपल्या शरीराचा खर्चच कमी करतो, हालचाल थांबवतो, तळाशी पडून राहतो. मोठ्या माशात ही ताकद पिल्लांपेक्षा जास्त असते, हे प्रयोगांत दिसलं आहे. थंडी मात्र त्याला चालत नाही. पाणी १३ अंशांच्या खाली गेलं की तो मरतो. फ्लोरिडातल्या कालव्यांत १९५० च्या दशकाच्या शेवटी सोडलेले ऑस्कर तिथे रुजले, पण कडक हिवाळ्यात मार खातात ते याच कारणाने.

टाकी किती मोठी

एका ऑस्करसाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. साधारण ४५० लिटर पाणी बसतं. दुकानात चार बाय दीड बाय दीडची तयार टाकी स्वस्तात मिळते आणि दुकानदार तीच सुचवेल. तिच्यात २५० लिटरच्या आसपास पाणी मावतं, पण माझा आक्षेप पाण्यापेक्षा रुंदीला आहे. चौदा इंचांच्या माशाला अठरा इंचांत वळायचं म्हणजे प्रत्येक वेळी काचेला नाक घासणं. दोन मासे ठेवायचे तर सहा फुटी टाकी बघा.

दोन फूट उंचीला काच १२ मिलिमीटरची घ्या. पाणी, काच आणि लोखंडी स्टँड मिळून वजन सहाशे किलोच्या घरात जातं, तेव्हा टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमच्या रेषेत ठेवा. काचेखाली थर्माकोलची शीट हवीच.

आणि पश्चिमेची भिंत टाळा. नागपुरात मे महिन्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातलासुद्धा हाताला चटका देते. टाकी तिला टेकवली तर ती उष्णता रात्रभर पाण्यात उतरत राहते. घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे कूलर असलेल्या खोलीतली आतली भिंत.

झाकण अत्यावश्यक. ऑस्कर उडी मारतो, आणि अंगात एवढा जोर असतो की हलकं झाकण उचलून टाकतो. पण अखंड काचेचं झाकण उन्हाळ्यात वाफ कोंडतं. लाकडी चौकटीला मच्छरजाळी ठोकून बनवलेलं झाकण, वर दोन वजनं ठेवून, बारमाही चालतं.

आत फार काही नको. तळाला बारीक वाळू किंवा गोल गुळगुळीत गोटे, एक-दोन मोठी लाकडं, बस. झाडं लावाल तर दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतील. टोकदार दगड, चिनी मातीचे किल्ले वगैरे अजिबात नको, कारण घाबरलेला ऑस्कर टाकीभर आपटतो. हीटर प्लास्टिकच्या जाळीत ठेवा, नाहीतर तो फोडतो.

फिल्टर

या माशाची खाण्याची पद्धत वर सांगितली. गोळीचा निम्मा भुगा पाण्यात जातो, आणि पोटात गेलेल्याचा उत्सर्गही भरपूर. त्यामुळे लहान टाक्यांत चालणारे आत चिकटवायचे पॉवर फिल्टर इथे कामाचे नाहीत. टाकीतलं पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरेल असा पंप हवा, म्हणजे ४५० लिटरला ताशी सव्वादोन ते पावणेतीन हजार लिटर. टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, बसवता आला तर त्यापेक्षा चांगलं काही नाही. नाहीतर मोठा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यासारखा फिल्टर, किंवा वरून बसणारा भरपूर जागेचा टॉप फिल्टर. आत आधी स्पंज, मग सिरॅमिक रिंग. महागड्या रिंगऐवजी भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्याही चालतात, फक्त नव्या आणि साबण न लागलेल्या घ्या.

फिल्टरचं खरं काम कचरा अडवणं एवढंच नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी, तेही आठवड्याच्या पाणीबदलात काढून टाकायचं. हे जीवाणू रिंगांवर आणि स्पंजवर वस्ती करतात. म्हणून स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. नळातलं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतलंच बादलीभर पाणी काढून त्यात तो पिळायचा.

पाणी

शहराला पाणी येतं ते पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं, म्हणजे त्यात क्लोरीन असतं, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की वासावरूनच कळतं की मात्रा वाढली आहे. क्लोरीन काढायला दुकानातलं अँटिक्लोरीन वापरा, किंवा त्यातलाच मूळ पदार्थ, सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपोचे खडे आणा. किचन काट्यावर १० ग्रॅम मोजून एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. या द्रावणाचं एक मिलिलिटर एका लिटर नळाच्या पाण्याला पुरतं. शंभर लिटरचा ड्रम भरलात तर शंभर मिली. महिन्याने उरलेलं फेकून नवं करा.

बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. ऑस्कर सामू (पीएच) ६ ते ८ मध्ये राहू शकतो, तेव्हा जडपणाला तो भिणार नाही. भीती वेगळी आहे. अमोनियाचं विष किती चढतं ते सामू आणि तापमान यांवर ठरतं. सामू ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की २५ अंशांना पाच टक्क्यांच्या वर, आणि ३० अंशांना साडेसात टक्के. म्हणजे बोअरच्या पाण्यावर चालणारी टाकी मे महिन्यात अमोनियाच्या बाबतीत अगदी थोडीही ढिलाई सोसत नाही. त्या महिन्यात नवी टाकी सुरू करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी चांगला.

ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांच्यासाठी एक इशारा. त्याचं वाया जाणारं पाणी वाचवायचं म्हणून लोक टाकीत ओततात. हेतू चांगला, पण मूळ पाण्यातले क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. ते कूलरला किंवा फरशी पुसायला वापरा.

मासा नसताना टाकी चालवा

टाकी भरली, फिल्टर लावला, आता चार ते सहा आठवडे मासा नाही. ही पायरी लोक गाळतात आणि मग पंधरवड्यात पिल्लू मेलं की पाण्याला किंवा दुकानदाराला दोष देतात.

रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल, आणि अमोनियावर जीवाणू वाढतील. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी चालू असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, काम बरंच लवकर होतं. थेंबांनी तपासायचे किट घ्या. आधी अमोनिया चढताना दिसेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी तयार. त्यानंतर अर्धं पाणी बदला आणि मग दुकानात जा.

पिल्लू निवडताना

दोन-तीन इंचांचं घ्या. डोळे स्वच्छ, पोट आत न गेलेलं, कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंनी सारखी बसणारी, डोक्यावर टाचणीएवढी भोकं नसलेली. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. ऑस्करचं पिल्लू खात नसेल तर ते सोडून द्या, बाकी कितीही देखणं असो.

"जोडी देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात, अंडी घालायच्या वेळी जननांगाची नळी बाहेर येते तेव्हाच फरक कळतो. दोन इंचांच्या पिल्लात ते कुणालाच सांगता येत नाही.

सोबतीला काय? एकटा ऑस्कर उत्तम राहतो, आणि पहिल्यांदा पाळणाऱ्याने एकटाच ठेवावा असं माझं मत. सहा फुटी टाकीत चार-पाच मोठे सिल्व्हर डॉलर किंवा एखादा सेव्हेरम चालतो. तोंडात मावेल असा कुठलाही मासा म्हणजे खाद्य. फ्लॉवरहॉर्नबरोबर ठेवला तर दोघांपैकी एक मरतो, बहुधा ऑस्कर.

खाणं

रोजचं खाणं म्हणजे सिक्लिडांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, मोठ्यांना एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. वरकड म्हणून गांडूळ, सोललेले झिंगे, नाकतोडे, उकडून साल काढलेला वाटाणा. पावसाळ्यात अंगणात किडे भरपूर मिळतात, पण जिथे औषध फवारलं आहे तिथले नकोत.

गोळ्यांच्या बाबतीत एक तपशील फार कमी लोकांना माहीत असतो. ऑस्करचं शरीर जीवनसत्त्व क स्वतः तयार करू शकत नाही, माणसासारखंच. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दाखवलं गेलं. आहारात ते नसलं की कल्ल्यांची झाकणं आणि जबडा वाकडे होतात, डोळ्यांत आणि पंखांत रक्त उतरतं. आणि हे जीवनसत्त्व उष्णतेने, हवेने लवकर नासतं. स्वस्त पडतो म्हणून पाच किलोचा डबा आणून तो नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीवर ठेवला, तर दोन महिन्यांनी त्यात पोट भरण्यापलीकडे काही उरत नाही. लहान पाकीट आणा, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची एक हौस असते. मित्र जमवायचे, मोबाइल रोखायचा. ती सोडा. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं. शिवाय दुकानातले खाद्यमासे हे रोग घरी आणायचा सगळ्यात सोपा रस्ता. मटण, चिकन, काळीज हेही नको. जनावरांची चरबी माशाला पचत नाही.

नागपूरचं वर्ष, टाकीच्या बाजूने

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश हवं. ३० चालून जातं, ३२ च्या पुढे काहीतरी करावं लागतं.

मार्च संपताना पाण्यात थर्मामीटर ठेवा आणि दुपारी चारला आकडा बघायची सवय लावा. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४५ अंश असले तरी हवा कोरडी असते, आणि हेच आपलं बलस्थान. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ होऊ दिली की पाणी थंड होतं. जाळीचं झाकण ठेवून वरून तिरपा लहान पंखा लावा, पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरतं. खोलीत कूलर चालू असेल तर आणखी बरं. टाकी झटकन थंड व्हावी म्हणून बर्फ ओतू नका. अगदीच गरज पडली तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत सोडा, एका वेळी एकच.

या वाफेमुळे पातळी रोज लिटर-लिटरने खाली जाते. नुसती भर घालत राहिलात तर पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि मे अखेरीस टाकीतलं पाणी बोअरपेक्षा जड झालेलं असतं. भर घालायला जमलं तर आरओचं शुद्ध पाणी वापरा, आणि आठवड्याला तीस टक्के पाणी बदलणं उन्हाळ्यातही चुकवू नका. बदलाचं पाणी मात्र गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी थेट घेऊ नका, तिथलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. पहाटे ड्रम भरा, हायपो घाला, एअर स्टोन लावून घरात सावलीत ठेवा, रात्री वापरा. नव्या-जुन्या पाण्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

२५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ ला सातपेक्षाही कमी. म्हणून उन्हाळ्यात एअर पंप जादा हवा, आणि खाणं निम्म्यावर आणा, तेही सकाळी लवकर. भरल्या पोटी माशाला प्राणवायू जास्त लागतो.

वीज गेली तर? ऑस्कर स्वतः बराच वेळ काढेल, ते वर आलंच. फिल्टरमधले जीवाणू काढणार नाहीत. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबलं की दोन-चार तासांत त्यांना प्राणवायू कमी पडायला लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच, किंवा इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप आणि एक स्पंज फिल्टर जोडून ठेवा, त्यांना फारशी वीज लागत नाही. चार-सहा तासांनी वीज आली तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आतलं कुजकट पाणी आधी ओतून टाका.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळ्यांना हायसं वाटतं. टाकीला नाही. हवेत दमटपणा आला की पंखा आणि कूलर दोन्ही निकामी होतात, आणि बाहेर उकाडा तसाच असतो. पावसाने दडी मारलेले जूनचे दिवस मला मे महिन्यापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, एअर पंप दोन.

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे दिवस येतात आणि गल्लीत धूरफवारणीची गाडी फिरते. डासांच्या औषधातली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं माशांना अत्यंत घातक असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, टाकीवर ओलं कापड टाका आणि वास जाईपर्यंत एअर पंप बंद ठेवा, फिल्टर चालू राहू द्या. टाकीच्या खोलीत डासांची कॉइल आणि लिक्विड कायमचं बंद.

डिसेंबर-जानेवारीत हीटर. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. घरातलं पाणी एवढं खाली जात नाही, पण १७-१८ अंशांना ऑस्कर खाणं सोडतो आणि त्याची रोगप्रतिकारशक्ती कोसळते. लिटरला एक वॉट असा हिशेब धरून ४५० लिटरला दोन हीटर लावा, दोन टोकांना. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो.

रुसणं आणि खरा आजार

पाणी बदललं, लाकूड हलवलं किंवा नवा मासा आला की ऑस्कर तळाशी आडवा पडतो. श्वास चालू, रंग फिकट, डोळा तुमच्याकडे. नवखा माणूस घाबरून औषध ओततो. थांबा. पाणी तपासा. अमोनिया-नायट्राइट शून्य असेल तर दिवे बंद करून त्याला एकटं सोडा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तो खायला वर येतो.

थंडीच्या सुरुवातीला तापमान दणकन उतरलं की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. पाणी हळूहळू ३० अंशांवर न्या, लिटरला दोन ग्रॅम जाडं मीठ विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घाला, हवा वाढवा. ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवा.

ऑस्करचा खास आजार म्हणजे डोक्यावर आणि कडेच्या रेषेवर पडणारी भोकं. साचलेलं नायट्रेट, निकृष्ट आहार आणि आतड्यातले परजीवी, अशी कारणं यात गुंतलेली असतात. सुरुवातीला दिसलं तर आठवड्यातून दोनदा पाणी बदला, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली आणा, खाणं सुधारा. पुष्कळदा एवढ्याने जखमा भरतात. मेट्रोनिडॅझोल हे औषध वापरतात, पण मात्रा ऐकीव नको. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे आणि त्याचं मत्स्य विज्ञान महाविद्यालयही. जाणकाराला विचारायची सोय असताना मोबाइलवरच्या अंदाजाने औषध घालण्याचं कारण नाही.

अंडी घातली तर

दोन-तीन ऑस्कर एकत्र वाढले आणि त्यांत जोडी जमली, तर एखादा सपाट दगड घासून घासून साफ करताना दिसतात. एका खेपेला हजार-दोन हजार अंडी. आई-बाप दोघंही राखण करतात, पंखांनी वारा घालतात, बुरशी लागलेली अंडी वेचून टाकतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पोहू लागतात. या काळात टाकीत हात घालाल तर चावा बसेल. नवखी जोडी पहिल्या एक-दोन खेपांना अंडी खाऊन टाकते. खाऊ द्या. पाचशे पिल्लं घेईल असं गिऱ्हाईक शहरात शोधणं किती अवघड आहे ते नंतर कळण्यापेक्षा हे बरं.

सांभाळणं जमलं नाही तर

बदली होते, घर बदलतं, मासा टाकीपेक्षा मोठा होतो. तेव्हा "तलावात सोडून देऊ, सुखात राहील" हा विचार येतो. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सोनेगाव, कुठेही नाही. हिवाळ्यात मरेल हेही गृहीत धरू नका. खोल पाण्याचं तापमान १३ अंशांच्या वर राहिलं तर तो जगेल आणि तिथली देशी पिल्लं खाईल. दक्षिण अमेरिकेतूनच आलेला सकर मासा असाच घराघरांतून सुटून देशातल्या कितीतरी जलाशयांत पसरला आहे. तलाव म्हणजे बंद भांडं असंही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी ओसंडला आणि पाणी नाग नदीवाटे वस्त्यांत घुसलं, ते सगळ्यांनी पाहिलं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तिथून पुढे गोदावरीचं खोरं.

त्यापेक्षा मोठी टाकी असलेला पाळणारा शोधा, किंवा दुकानदाराला फुकट परत द्या. मोठे ऑस्कर दिसायला रुबाबदार असतात, दर्शनी टाकीसाठी काही दुकानं ते घेतात. नेताना आदल्या दिवशी उपास ठेवा. झाकणाच्या मोठ्या ड्रममध्ये टाकीचंच पाणी मासा पूर्ण बुडेल इतकं घ्या, बॅटरीचा एअर पंप लावा, वरून गोणपाट टाकून अंधार करा. पिशवीत घालू नका, त्याच्या पाठीच्या काट्यांनी पिशवी फाटते. आणि उन्हाळा असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचा.